उत्खननातला कोळसा, लाकूड आणि बिया ओळखायच्या कशा?

उत्खननात एखादी जुनी चूल उघडी पडली की खापरं आणि हाडं आधी उचलली जातात. कोळशाचे तुकडे फार तर कालमापनासाठी एका पिशवीत जातात आणि बाकीची काळी माती ढिगाऱ्यावर. ही सवय मोडावी म्हणून हा लेख लिहितो आहे. नखाएवढ्या कोळशात झाडाची पेशीन् पेशी जागच्या जागी असते. तो तुकडा नीट मोडून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर लाकूड कशाचं होतं हे बहुतेक वेळा कळतं.

त्यातून किती दूरचं दिसू शकतं, याचं एक उदाहरण देतो. १९४६ साली हडप्प्याच्या दफनभूमीत एका लाकडी शवपेटीचे अवशेष मिळाले. लाकडाची तपासणी झाली तेव्हा पेटी शिसवीच्या जातीतल्या लाकडाची आणि झाकण देवदाराचं निघालं. देवदार हिमालयात उंचावर वाढतो, हडप्पा सपाट मैदानात. म्हणजे ते लाकूड शेकडो किलोमीटर खाली आणलेलं होतं. ही गोष्ट खापरांवरून कधीच कळली नसती.

आता कामाला लागू.

अवशेष टिकला कसा, हे आधी ठरवा

लाकूड आणि बी एरवी मातीत कुजून जातात. हजारो वर्षं टिकतात ते काही ठरावीक कारणांनी, आणि त्या कारणावर पुढची सगळी हाताळणी ठरते.

सर्वांत जास्त भेटतात ते जळके अवशेष. हवा कमी असताना लाकूड किंवा दाणा तापला की राख न होता त्याचा कोळसा होतो. जिवाणू आणि बुरशी कोळसा खात नाहीत, म्हणून तो राहतो. दुसरा प्रकार पाणथळ जागेचा. चिखलात प्राणवायू पोचत नाही, त्यामुळे न जळलेलं लाकूड, पानं, फळांच्या साली असं सगळं शाबूत राहतं. स्वित्झर्लंडच्या तळ्यांकाठी १८५३-५४च्या हिवाळ्यात पाणी खूप ओसरलं आणि प्राचीन वस्त्यांचे लाकडी खांब उघडे पडले. त्या वस्त्यांमधल्या बियांवर वनस्पतिशास्त्रज्ञ ओस्वाल्ड हेर यांनी १८६५ साली जो अभ्यास प्रसिद्ध केला, तिथपासून प्राचीन वनस्पती-अवशेष ओळखण्याच्या या शास्त्राची पायवाट पडली असं मी मानतो. तिसरा प्रकार वाळवंटातला, जिथे कोरडेपणानं वस्तू टिकते. याखेरीज शौचकूपांत खनिजं भिनून कडक झालेल्या बिया सापडतात आणि भाजलेल्या विटांत व खापरांत तुसाचे ठसे उरतात.

याचा पहिला व्यावहारिक उपयोग असा: पाणथळही नाही आणि वाळवंटीही नाही अशा साध्या स्थळात न जळलेली बी मिळाली, तर ती आजची आहे असंच धरून चाला. मुंग्या, उंदीर आणि झाडांची मुळं बिया फार खोल नेतात.

माती किती आणि कुठून घ्यायची

फक्त काळी दिसते तिथली माती घेऊ नका. चूल, राखेचा खड्डा, साठवणीचा रांजण तर घ्याच, पण घरातली जमीन, अंगण, खांबाचे खळगे, साधा भराव इथूनही नमुने हवेत. एकट्या चुलीवरून तिथं काय जाळलं एवढंच कळतं. ते सगळ्या वस्तीभर पसरलेलं होतं की तेवढ्याच जागी होतं, हे तुलनेसाठी दुसरे नमुने असले तरच सांगता येतं.

मोठ्या थरातून ४० ते ६० लिटर माती घेण्याची शिफारस इंग्लंडमधल्या मार्गदर्शक सूचनांत असते, आणि खड्डा त्याहून लहान असेल तर सगळीच माती घ्यावी. एवढी माती धुवायची सोय नसली तर कमी घ्या, पण प्रत्येक नमुन्याचे लिटर मोजून लिहा. १० लिटरमध्ये ३० दाणे आणि ६० लिटरमध्ये ३० दाणे, यांचा अर्थ अगदी वेगळा होतो. पिशवीत एक लेबल आत आणि एक बाहेर ठेवा. त्यावर स्थळ, चर, थर, नमुना क्रमांक, लिटर आणि तारीख पेन्सिलीनं लिहा. शाई ओल्या मातीत पसरते.

पाण्यावर तरंगवणं

कोरडा कोळसा पाण्यापेक्षा हलका असतो, माती जड. एवढ्या साध्या गोष्टीवर फ्लोटेशनची पद्धत उभी आहे. पुरातत्त्वज्ञ स्टुअर्ट स्ट्रूव्हर यांनी १९६८ साली तिच्यावर लेख लिहिला आणि त्यानंतर ती जगभर रुळली. तिच्याआधी चाळणीतून निसटणारी बारीक बी बहुधा ढिगाऱ्यातच जात असे.

यंत्र नसलं तरी बादलीवर भागतं. बादलीत तीन-चार लिटर माती घ्या, वरून पाणी ओता, हातानं हलकेच ढवळा. ढेकळं चुरडू नका, भिजू द्या, नाहीतर आतले दाणे भरडले जातील. क्षणभर थांबा आणि वर आलेलं सगळं पाव मिलिमीटर भोकांच्या जाळीवर ओतून घ्या. तळाची माती ओतली जाणार नाही एवढंच बघा. पुन्हा पाणी, पुन्हा ढवळणं, असं काही तरंगेनासं होईपर्यंत. मग तळाचा गाळ एक मिलिमीटरच्या चाळणीत धुवा. जड बिया, फळांच्या कठीण कोयी, पाणी प्यायलेला कोळसा, माशांची हाडं त्यातच सापडतात. हा गाळ फेकणारे लोक मी पाहिले आहेत. कृपा करून फेकू नका.

जाळीवरचं सावलीत, हळू वाळवा. उन्हात ठेवलेला ओला कोळसा तडकतो आणि त्याचे तुकडे होतात. ओलाच बंद प्लास्टिकमध्ये कोंबला तर बुरशी धरतो. दोन नमुन्यांमध्ये बादली आणि जाळी घासून धुवायची, कारण जाळीच्या कडेला अडकलेला एक दाणा पुढच्या थराचं पीक बदलून टाकू शकतो.

आपली पद्धत किती चोख आहे हे तपासायचं असेल, तर मोजून ५० खसखशीचे दाणे जाळून मातीत मिसळा आणि शेवटी किती परत आले ते मोजा. खसखस मुळात सापडण्याची शक्यता नाही अशाच ठिकाणी हे करायचं. निम्मेच दाणे परत आले तर यंत्रात किंवा हातात कुठेतरी दोष आहे, आणि तो शंभर नमुने धुऊन झाल्यावर कळण्यापेक्षा पहिल्या दिवशी कळलेला बरा.

काळी दिसते म्हणून जळकी नव्हे

मी शिकत होतो तेव्हा एका नमुन्यात दीडशेच्या वर काळ्याभोर, चकचकीत, गोल बिया मिळाल्या. संध्याकाळपर्यंत बसून मोजल्या, नोंदवल्या. माझ्या शिक्षकांनी त्यातली एक उचलली, सुईच्या टोकानं दाबून फोडली आणि माझ्यासमोर धरली. आत पांढरंशुभ्र पीठ होतं. राजगिऱ्याच्या आणि चाकवताच्या जातीतल्या तणांच्या बिया मुळातच काळ्या असतात. त्या त्याच वर्षीच्या होत्या.

तेव्हापासून माझा नियम आहे: अशा बिया आल्या की निदान पाच-दहा फोडून पाहायच्या. जळकी बी आतूनही काळी असते, कधी पोकळ, कधी फेसाळ. ही तपासणी मोजणीच्या आधी करायची.

तुलनेचा संग्रह

ओळखणं म्हणजे शेवटी तुलना. पुस्तकातलं चित्र मदत करतं, पण हातात खरा नमुना हवा. त्या परिसरात वाढणाऱ्या झाडांच्या फांद्या आणि बिया जमवा, पानाफुलांसह दाबून वाळवलेला नमुनाही ठेवा, म्हणजे झाडाचं नाव पुढे कुणालाही पडताळता येईल. मग लाकडाचे छोटे ठोकळे ॲल्युमिनियमच्या कागदात घट्ट गुंडाळून भट्टीत सुमारे ४०० अंश सेल्सिअसला कोळसा करा. बियांना त्याहून कमी आच लागते, २५०च्या आसपास, नाहीतर त्या फुटतात.

बिया जाळायचा प्रयोग प्रत्येकानं एकदा तरी स्वतः करावा असं माझं ठाम मत आहे. गव्हाचा दाणा जळताना लांबीला आखडतो आणि जाडीला फुगतो. ताजा सडपातळ दाणा डोक्यात ठेवून तुम्ही पुरातन दाणा पाहिला, तर तो दुसऱ्याच जातीचा वाटेल.

कोळसा मोडायचा आणि वाचायचा

दोन मिलिमीटरहून मोठे तुकडे निवडा. चारच्या वरचे असले तर शिकायला सोपे. एका नमुन्यातून साधारण १०० तुकडे पाहायची पद्धत आहे. मोठेमोठेच उचलू नका, कारण काही लाकडं मोठ्या तुकड्यांत फुटतात तर काहींचा चुरा होतो.

कोळशाचे पातळ काप काढावे लागत नाहीत. तो मोडायचा, आणि ताज्या मोडलेल्या पृष्ठावर वरून प्रकाश टाकणाऱ्या सूक्ष्मदर्शकानं पाहायचं. जुनं पृष्ठ मातीनं भरलेलं असतं, त्यावर काही दिसत नाही. तुकडा बारीक वाळूच्या वाटीत टेकवून ठेवला की हलत नाही.

लाकूड तीन दिशांनी पाहावं लागतं. खोड आडवं कापल्यावर ओंडक्याच्या तोंडावर वलयं दिसतात, तो आडवा छेद. ओंडका मधोमध उभा फोडला, म्हणजे गाभ्यापासून सालीकडे, तर मिळतो तो अरीय छेद. आणि सालीला समांतर फळी काढली तर स्पर्शीय छेद. आडवा छेद मिळवायला तुकड्यावर ब्लेडनं हलकी रेघ ओढा आणि दोन्ही बोटांनी मोडा. त्यावर गाभ्याकडून बाहेर जाणाऱ्या बारीक रेषा दिसतील, त्यांना किरण म्हणतात. किरणाच्या रेषेवरच ब्लेड ठेवून टिचकी मारली की अरीय पृष्ठ उघडतं. किरणांना काटकोनात फोडलं की स्पर्शीय. हे तिसरं मोडणं सगळ्यांत अवघड जातं, पहिले पन्नास तुकडे वाया गेले तरी खंत करू नका. सरावासाठी आजचाच कोळसा घ्या.

आता एक तुकडा घेऊन बसू. आडवा छेद, १० ते ४० पट मोठा करून. पहिला प्रश्न: भोकं आहेत का? ही भोकं म्हणजे पाणी वाहून नेणाऱ्या वाहिन्या. अजिबात नसतील आणि सगळ्या पेशी एकसारख्या, मधमाशांच्या पोळ्यासारख्या ओळींत असतील, तर लाकूड पाइन-देवदाराच्या सूचिपर्णी गटातलं. त्यात अधूनमधून राळेच्या नळ्या दिसल्या तर पाइनचा विचार करा. भोकं आहेत, पण वलयंही नाहीत आणि किरणही नाहीत, वाहिन्यांची जुडगी इकडेतिकडे विखुरलेली आहेत, तर तो बांबू, ताड किंवा तत्सम एकदलाचा.

भोकं आहेत, किरणही आहेत, तर रुंदपर्णी गट. इथे भोकांची मांडणी पाहा. वलयाच्या सुरुवातीला मोठ्या भोकांची रांग आणि पुढे एकदम बारीक भोकं, असं असेल तर त्याला वलय-छिद्री म्हणतात. सागवान, ओक, ॲश ही यातली. भोकं सगळीकडे जवळपास सारखी पसरली असतील तर विखुरलेल्या छिद्रांचं, जसं मेपल किंवा बर्च. मग भोकं एकेकटी की दोन-तीन चिकटून, त्यांच्याभोवती साठवणीच्या पेशींचा वेढा आहे की आडवे पट्टे, किरण किती रुंद. ओकच्या कोळशात नुसत्या डोळ्यांनीही रुंद किरण दिसतो, तो एकदा पाहिला की विसरत नाही.

स्पर्शीय छेदावर किरण टोकाकडून दिसतात, म्हणजे ते किती पेशी रुंद आहेत हे मोजता येतं. अरीय छेद २०० ते ४०० पटीनं पाहावा लागतो. वाहिनीचे दोन तुकडे जोडणारी भिंत पूर्ण उघडी आहे की शिडीसारख्या आडव्या पट्ट्यांची, हे तिथं कळतं. बर्च आणि अल्डरमध्ये शिडी असते. सूचिपर्णी लाकडात पेशीभिंतींवरचे गोल खळगे पाहायचे. देवदाराच्या वंशात त्या खळग्यांतल्या पडद्याची कड झालरीसारखी कातरलेली असते, आणि ही खूण फार भरवशाची आहे.

जे दिसतं ते आधी लिहा, नाव नंतर. नाव आधी मनात आलं की डोळे त्याच खुणा शोधायला लागतात. लाकडाच्या शरीररचनेच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं १९८९ साली रुंदपर्णी लाकडांच्या १६३ खुणांची क्रमांकित यादी केली, सूचिपर्णींची २००४ साली. रुंदपर्णी लाकडांच्या तुमच्या नोंदी त्या क्रमांकांत ठेवल्या तर ‘इनसाइडवुड’ या विनामूल्य ऑनलाइन कोशात थेट शोधता येतात.

नावाशिवायही तुकडा बरंच सांगतो. वलयं जोरदार वळलेली असतील तर लहान फांदी, जवळजवळ सरळ समांतर असतील तर जाड खोड. वाहिन्या फुग्यांसारख्या पडद्यांनी बुजलेल्या असतील तर ते बहुधा आतलं जुनं लाकूड. आत बुरशीचे धागे किंवा किड्यांची भोकं दिसली तर वाळून पडलेलं सरपण वेचलं असावं. साल आणि शेवटचं वलय दोन्ही शाबूत असतील तर झाड कोणत्या ऋतूत तोडलं याचाही अंदाज येतो. काचेसारखा वितळल्यागत दिसणारा कोळसा मात्र सांभाळून वाचा, तेवढ्यावरून आच फार होती असं म्हणता येत नाही.

ओलं लाकूड

पाण्यातलं लाकूड बाहेर आल्या क्षणापासून ओलंच ठेवायचं, अंधारात, गारव्यात. आतून ते पोकळ झालेलं असतं, पाण्यानंच आकार धरून ठेवलेला असतो. एकदा वाळलं की आकसून वेडंवाकडं होतं आणि पुन्हा भिजवून काही उपयोग नसतो. इथे दाढीच्या ब्लेडनं तिन्ही दिशांचे पातळ काप काढून काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवा आणि खालून प्रकाश देणाऱ्या सूक्ष्मदर्शकानं पाहा. कापाचा तुकडा जतनाची रसायनं भरायच्या आधीच काढून ठेवायचा. रसायन भिनल्यावर पेशी पाहणं फार कठीण होतं. स्वीडनचं बुडालेलं ‘वासा’ जहाज १९६१ साली वर काढल्यावर त्यावर पॉलिइथिलीन ग्लायकॉल हे जतनाचं रसायन फवारण्याचं काम १७ वर्षं चाललं, यावरून ओल्या लाकडाचं प्रकरण किती धीराचं आहे ते लक्षात येईल.

बिया, दाणे आणि भुसा

तरंगलेलं साहित्य २, १ आणि अर्धा मिलिमीटरच्या चाळण्यांतून गाळून घ्या आणि प्रत्येक आकार वेगळा पाहा. एकाच वेळी मोठे आणि बारीक तुकडे पाहिले तर डोळा सारखा जुळवून घेत राहतो आणि बारीक बी सुटते.

दाण्याला सहा बाजूंनी फिरवा. सातूचा दाणा दोन्ही टोकांना निमुळता, बाजूंनी काहीसा कोनदार. गव्हाचा गुबगुबीत, पोटाची खाच खोल. सातूत काही दाणे सरळ आणि काही पिळवटलेले मिळाले, तर कणीस सहा ओळींचं होतं. त्यात एका सरळ दाण्यामागे दोन पिळवटलेले असतात. बारीक धान्यांत अंकुराची लांबी पाहायची. राळ्याचा अंकुर दाण्याच्या दोन तृतीयांशाहून लांब जातो, वरीचा साधारण निम्म्यापर्यंतच.

भुशाकडे दुर्लक्ष करू नका. दाणे फुगतात, फुटतात, पण कणसाच्या दांड्याचे सांधे आणि तुसाचे बुडखे आकार टिकवतात, त्यामुळे गव्हाची जात ओळखायला मला दाण्यापेक्षा त्यांचा भरवसा अधिक वाटतो. याच सांध्यावर शेतीच्या जन्माची खूण असते. रानटी सातू पिकला की कणीस आपोआप सुटं होतं, सांध्याचा व्रण गुळगुळीत राहतो. माणसानं पेरून वाढवलेल्यात कणीस घट्ट राहतं, मळणीत तुटतं, आणि व्रण खडबडीत होतो. मिलिमीटरभराचा तो व्रण आहे. एखाददुसऱ्यावर निष्कर्ष काढू नका, कारण रानटी पिकातही काही सांधे खडबडीत तुटतात. प्रमाण पाहायचं.

डाळींच्या बाबतीत अडचण वेगळी. मूग आणि उडीद ओळखायची सोपी खूण म्हणजे बीचा डोळा: उडदाच्या डोळ्याभोवती उंचवट्याची कड असते, मुगाचा सपाट असतो. पण जळताना साल निघून जाते आणि डोळाही जातो. मग उरते ती अर्धी डाळ, दोघांची जवळपास सारखी.

नाव कुठे थांबवायचं

अशा वेळी वहीत “मूग किंवा उडीद” असंच लिहायचं. या सगळ्या कामातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे. पुराव्यानं वंशापर्यंत (जवळच्या जातींच्या गटापर्यंत) नेलं तर वंशावर थांबा, कुळापर्यंत (जवळच्या वंशांच्या गटापर्यंत) नेलं तर कुळावर. लाकूड बहुतेक वेळा वंशापर्यंतच जातं. सफरचंद, नासपती आणि हॉथॉर्न यांचा कोळसा वेगळा करता येत नाही, त्यांचा एक गट लिहितात. खूण जुळते पण पूर्ण खात्री नाही, तर नावापुढे “सदृश” लिहा. नेमकं नाव लिहिलं की उत्खननप्रमुख खूश होतात, अहवाल भरीव दिसतो, आणि पुढची वीस वर्षं लोक ते नाव उचलून त्यावर पिकांचे नकाशे काढतात. चूक मग कुणाच्याच हातात राहत नाही.

आकड्यांचंही तसंच. कोळशाचे ८० तुकडे म्हणजे ८० फांद्या नव्हेत, एकाच ढलपीचेही असतील. म्हणून एकूण संख्येबरोबर किती नमुन्यांत ते झाड आलं हेही द्या. आणि जळकी बी म्हणजे लगेच जेवण समजू नका. गॉर्डन हिलमन आणि ग्लिनिस जोन्स या अभ्यासकांनी तुर्कस्तान व ग्रीसमधल्या शेतकऱ्यांचं काम पाहून दाखवलं, की मळणी, उफणणी, चाळणी या प्रत्येक टप्प्यावर दाणे, भुसा आणि तण यांचं वेगळं मिश्रण उरतं. भुसा आणि बारीक तण जास्त असेल तर तुमच्या हातात चाळणीखालचा कचरा आहे. शेण जाळलं असेल तर त्यातल्या बिया जनावराच्या पोटातून आलेल्या असू शकतात.

कालमापनाला देण्याआधी

कार्बन-१४च्या चाचणीत नमुना जळून जातो, म्हणून आधी ओळख, छायाचित्र, वजन, मग पाठवणी. शक्यतो बी किंवा बारीक डहाळी द्या. मोठ्या वृक्षाच्या गाभ्याचा कोळसा दिला, तर झाड तोडण्याच्या कितीतरी दशकं, कधी शतकं आधीचा काळ येतो, कारण आतली वलयं तेव्हाच वाढायची थांबलेली असतात. जुन्या घराची तुळई दुसऱ्यांदा वापरली असेल तर आणखीच घोळ.

अनोळखी तुकड्यांची डबी

शेवटी काही तुकडे उरतातच, ज्यांचं कशाशीच जुळत नाही. त्यांना “अनोळखी १”, “अनोळखी २” असे क्रमांक द्या, तिन्ही छेदांची छायाचित्रं काढा, दिसलेल्या खुणा लिहा आणि काचेच्या नळीत कापसावर ठेवा. पुढच्या थरात तोच प्रकार पुन्हा आला तर तोच क्रमांक वापरा. नळीवर स्थळ आणि थर लिहिलेला असू द्या. संग्रहात नवी फांदी जाळून घातलीत की दर वेळी ही डबी बाहेर काढून एकदा जुळवून पाहा.